पंपावरची जागा

हेमा मॅडमनी प्रकल्पाचा विषय सांगितला तेव्हा प्राणिशास्त्राच्या शेवटच्या वर्षातली बहुतेक पोरं एकाएकी वह्यांत काहीतरी शोधायला लागली. आंब्याच्या बागांत वर्षानुवर्षं फवारणी करणाऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीवर आणि हातांच्या स्थिरतेवर काय परिणाम होतो, हे तपासायचं होतं. म्हणजे एसटीने गावोगाव जायचं, बागेतल्या माणसांची मनधरणी करायची, आणि गुण मात्र ग्रंथालयात पंख्याखाली बसून फुलपाखरांवर चार पानं उतरवणाऱ्याइतकेच. हा आतबट्ट्याचा व्यवहार करायला वर्गातून दोघंच पुढे आली.

अनिशला तो आतबट्ट्याचा वाटला नव्हता. त्याच्या दत्तात्रेयकाकांची जयगडच्या रस्त्याला हापूसची मोठी बाग होती. माणसं आयती मिळणार होती आणि दुपारचं जेवण काकूच्या हातचं. नम्रता त्याच बागेखालच्या वाडीत राहायची. कॉलेजात हे ती आपणहून कोणाला सांगायची नाही. रत्नागिरीत उतरली की ती बोलणंही बदलायची, स्टँडवरच, चपलेची माती झटकावी तसं. पण मॅडमनी विषय काढला आणि पहिल्यांदाच तिला वाटलं की आपल्या वाडीचा आपल्याला काही उपयोग आहे. तिला पुढे मुंबईला शिकायचं होतं, आणि तिथे ओळख म्हणून मॅडमच्या शब्दाखेरीज तिच्याजवळ काही नव्हतं.

चाचणी मॅडमनीच बेतली होती. आधी पाच शब्द दोनदा वाचून दाखवायचे, मग इकडच्या-तिकडच्या गप्पा मारायच्या आणि तेच शब्द परत विचारायचे. नंतर आकडे उलटे म्हणायला लावायचे. शेवटी अनिशने बनवलेलं यंत्र: एक वाकडीतिकडी तार, तिच्यावरून लोखंडी कडं न टेकवता शेवटपर्यंत न्यायचं, टेकलं की घंटी वाजते. तिन्हींचे गुण एकत्र करायचे. एका रेषेच्या वर असेल तो ठीक. खाली असेल त्याला सरकारी रुग्णालयात तपासायला न्यायचं, तशी मॅडमनी तिथल्या डॉक्टरांशी बोलणी केली होती. शब्द निवडताना त्यांनी काळजी घेतली होती की त्यांचं आपसात ना नातं असावं, ना वैर. कंदील, पेरू, रेशीम, पूल, जांभळा.

पहिला सराव नम्रताने घरी आईवर केला. दीपाली पडवीत बांगडे साफ करत बसली होती.

"कंदील, पेरू, रेशीम, पूल, जांभळा. म्हण."

"जांभळा कोण? पूल?"

"आई, अर्थ नाय लावायचा. नुसतं म्हणायचं."

"आमच्या शाळेत मास्तर अर्थ तरी विचारायचे. कॉलेजात तोपण नाय?"

पण दीपालीने म्हटले, आणि मांजर हाकलून, चुलीवरचा भात उतरवून आल्यावर परत विचारलं तेव्हाही बिनचूक म्हटले.

"आणि कोणाला नाय जमलं तर?"

"तर कळतं, औषधाचा डोक्यावर परिणाम झालाय. मग त्याला पाठवायचं."

"कुठं?"

"रुग्णालयात. तपासायला."

"आणि भाऊंना कळतं?"

भाऊ म्हणजे दत्तात्रेय. वाडीत त्यांना दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे.

"नाय. कोणाचं नाव कोणाला सांगायचं नाय असा नियमच हाय."

दीपालीने मान हलवली. भाऊंच्या बागेत, भाऊंच्या मांगराच्या छपराखाली, भाऊंच्या पुतण्यासमोर परीक्षा, आणि भाऊंना कळणार नाही. एवढं शिकून पोरगी भाबडीच राहिली, असा तिने मनाशी निकाल दिला आणि बांगड्याचं डोकं उडवलं.

त्याच आठवड्यात बचतगटाच्या बैठकीत दीपालीने पाचही शब्द बायकांना सांगून टाकले. तिचा स्वतःचा नवरा मुंबईला वॉचमन, तेव्हा तिला यात नफाही नव्हता आणि तोटाही. शेजारधर्म म्हणून सांगितले. कोणाकडे साखर असावी आणि मागितल्यावर नाही म्हणावं, तसं ते न सांगणं तिला वाटलं असतं. बायकांनी शब्द ऐकले, चुकलेल्याला पाठवतात हे ऐकलं, आणि कुठे पाठवतात ते विचारायची कोणाला गरज वाटली नाही. फवारणीच्या पंपावरून उतरवलेला माणूस कुठे जातो हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग वाडीत संध्याकाळची शाळा भरायला लागली. ज्यांनी पोरांचा अभ्यास कधी घेतला नव्हता त्या बायका नवऱ्यांचा घ्यायला लागल्या. औषधाच्या पिंपाभोवती बापये, म्हणजे पुरुषमंडळी, एकमेकांना शब्द विचारायचे. एकाने तर जोड्या लावायला येणार काय, अशीही चौकशी केली. "तुझी एकदा लागलीय, ती निस्तर," त्याला उत्तर मिळालं.

ही शाळा सगळ्यात कसून घेतली ती विमलाने. तिचा नवरा भागोजी पंपावर सगळ्यांत जुना. इंजिनाला जोडलेल्या लांबलचक पाइपाचं टोक, ज्याला गन म्हणतात, ते त्याच्या हाती देऊन दत्तात्रेय निर्धास्त घरी जेवायला जायचे. बागेच्या वरच्या दगडी गडग्याला लागून चिऱ्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. ते पंपवाल्याचं घर. भागोजी पंपावर होता म्हणून तो आणि विमला तिथे राहत होती. त्यांचा मुलगा ओमकार मुंबईला एका गोदामात कामाला होता आणि चौघांच्या खोलीत पाचवा म्हणून झोपायचा, म्हणजे तिकडे आईबापांना जागा नव्हती.

गेल्या हंगामात भागोजीने एक रांग दोनदा फवारली आणि शेजारची तशीच सोडली. सोडलेल्या झाडांचा मोहोर तुडतुड्याने काळा केला. दत्तात्रेयांनी औषधवाल्या दुकानदाराला शिव्या घातल्या, औषधात पाणी आहे म्हणून. विमलाला मात्र कळलं. त्यानंतर ती डबा घेऊन रोज बरोबर जायला लागली. झालेल्या झाडाच्या बुंध्याला ती जुन्या लुगड्याची चिंधी बांधायची आणि पुढच्या झाडाशी उभी राहून हाक मारायची. बाकीचे हसायचे. म्हातारपणी प्रेम उतू चाललंय म्हणायचे. तिने हसू दिलं, कारण ते हसणं तिच्या फायद्याचं होतं.

भागोजीच्या डोक्यात नवं काही ठरत नव्हतं. विमलाने त्यावर तोड काढली. घराकडे जाणारी पाखाडी चढताना ती त्याला पायरीला एक शब्द म्हणायला लावायची. चुकला की खाली उतरून पहिल्यापासून. सकाळी आणि संध्याकाळी. आठवड्याभरात शब्द डोक्यात नाही तरी पायांत बसले.

चाचणीच्या दिवशी दत्तात्रेयांनी सगळ्यांना आंघोळ करून, दाढ्या करून बोलावलं होतं. आंबे पेट्यांत भरायच्या मांगरात टेबल मांडलं होतं. त्यांनाही ही परीक्षाच वाटत होती, आणि परीक्षेला आपली बाग नापास व्हावी हे त्यांना परवडणारं नव्हतं.

"शेजारच्या बागेतलेही बसणार आहेत म्हणे," ते म्हणाले. "माझं नाव घालवू नका रे मेल्यांनो."

"काका, ही स्पर्धा नाहीये," अनिश म्हणाला.

"तुला काय माहीत? सगळं स्पर्धाच असतं."

भागोजी नवा शर्ट घालून आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तो खांद्याने पुसत होता. नम्रताने शब्द वाचले, तेव्हा तो छपराकडे बघत राहिला. नंतर विचारल्यावर त्याने पाचही शब्द एका दमात म्हटले, आरतीचं शेवटचं कडवं म्हणावं तसे. आकड्यांत तो अडखळला, पण शाळा न पाहिलेले सगळेच अडखळले होते. तारेवर मात्र घंटी थांबेना.

"थंडी गो बायो," भागोजी म्हणाला. "बोटं धरत नाय."

थंडी होती खरी. नम्रताने गुण मांडले. हाताने घालवलं ते डोक्याने भरून काढलं होतं. बेरीज रेषेच्या जेमतेम वर आली. तिला मनापासून बरं वाटलं, आणि तिने बिस्किटाचा पुडा त्याच्या हातात ठेवला. बाहेर उंबराखाली विमला उभी होती. तिने भागोजीला काही विचारलं नाही, नम्रताकडे बघितलं. नम्रताने हसून मान डोलावली. विमला तिथेच खाली बसली.

तुलनेसाठी कॉलेजातले कारकून आणि शिपाई यांचीही चाचणी झाली होती. त्यांनी कधी पंप धरला नव्हता. सगळे निकाल एकत्र आले तेव्हा असं दिसलं की वर्षानुवर्षं विषाच्या धुक्यात उभ्या राहणाऱ्यांची स्मरणशक्ती कार्यालयात बसणाऱ्यांपेक्षा कितीतरी चांगली आहे. परीक्षा विभागातल्या हर्षदला पाचांतले दोनच शब्द आठवले होते. तो फेरचाचणी मागत प्रयोगशाळेत दोनदा येऊन गेला.

"मॅडम, हे तर उलटंच निघालं," अनिश खुशीत म्हणाला. "नवीन शोध."

हेमा मॅडमनी चष्मा पुसला. खोट्या यशाची त्यांना भारी चीड होती, आणि त्यामुळे विभागात त्यांचं फारसं कोणाशी जमत नव्हतं.

"शब्द कोणत्या क्रमाने सांगितले, तेही लिहिलंय तुम्ही. चांगलं केलंत. सगळ्यांचा क्रम एकच कसा?"

"कारण आपण तसेच वाचले ना," नम्रता म्हणाली.

"हर्षदलाही तसेच वाचले. त्याने आधी पूल सांगितला, मग कंदील. माणूस खरंच आठवत असतो तेव्हा जे हाताला लागेल ते आधी बाहेर काढतो. अख्खी वाडी पहिल्यापासून शेवटपर्यंत ओळीने म्हणते, म्हणजे ते पाठ केलंय."

"पेपर फुटला?" अनिश हसला. "कोणी फोडला?"

पडवी, बांगडे, मांजर, सगळं नम्रताच्या डोळ्यांपुढे आलं. मॅडमनी तिच्याकडे एकदा पाहिलं. त्यांनी पाच नवे शब्द लिहून दिले आणि या वेळी ते घरी म्हणायचे नाहीत एवढंच सांगितलं.

घरी तिने आईला विचारलं. दीपालीने लपवलंही नाही.

"सांगितले. मग? सगळे पास झाले ना? तुझंच नाव झालं."

"आई, पास व्हायला नव्हतं ते. आजारी कोण ते शोधायला होतं."

"आजारी कोण ते वाडीत विचारलं असतंस तर कोणीपण सांगितलं असतं. त्याला कॉलेज कशाला?"

"कोण हाय?"

दीपालीने चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "तू जा, बघ," ती म्हणाली.

फेरचाचणीला नम्रता एकटीच गेली. नवे शब्द ऐकल्यावर बापयांची तोंडं बघण्यासारखी झाली. अभ्यासक्रम बदलल्याबद्दल त्यांनी तिला बरंच ऐकवलं. कोणी तीन सांगितले, कोणी दोन, उलटसुलट. दोघं रेषेच्या खाली गेले आणि रुग्णालयात यायला कबूलही झाले. भागोजीला तिने शेवटी ठेवला होता. तो आपल्या घरासमोरच्या खळ्यात बसून पाइपाला दोरी गुंडाळत होता. गाठी घट्ट आणि सुबक पडत होत्या.

"काका, ऐका हां. आरसा, भोपळा, कापूस, विहीर, हिरवा."

"बरं."

तिने पुन्हा वाचले. मग ओमकारची चौकशी केली, शिमग्याला येणार का विचारलं. भागोजी म्हणाला, येणार, शाळेला सुट्टी पडली की. ओमकारची शाळा सुटून सात-आठ वर्षं झाली होती.

"आता ते शब्द सांगा काका. मघाशी सांगितलेले."

"कंदील, पेरू, रेशीम, पूल, जांभळा."

"ते नाय. आजचे. आत्ताचे."

भागोजीचे पाय बसल्या जागी हलायला लागले, एकेक पायरी चढल्यासारखे. "कंदील," तो म्हणाला. "पेरू. रेशीम." शेवटपर्यंत म्हटलं आणि शाबासकीसाठी तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या चेहऱ्यावर शंका आली. "तू कोणाची गो?"

"दीपालीची नम्रता ती," विमला दारातून म्हणाली. ती केव्हापासून तिथे उभी होती कोण जाणे. "दोनदा सांगितलं मघाशी."

तिने भागोजीला आत पाण्याला पाठवलं आणि नम्रतासमोर बसली. रडली वगैरे नाही. बाजारात माल परत घेऊन गेलेली बाई दुकानदाराशी बोलते तशी बोलली.

"हे नवे शब्द आधी दिले असतेस तर चार दिवसांत बसवले असते मी."

"काकी, किती दिवस असं?"

"मागच्या मोहोरापासून मला कळतंय. त्याआधी किती, ते देव जाणे. जेवले की विसरतात. परवा मला म्हणाले, बाई, आमची माणसं घरात नाय, उद्या या."

"डॉक्टरकडे जाऊया. मी येते बरोबर. उद्याच."

"कणी धरली, बारीक फळं दिसायला लागली की नेते. तोवर फवारण्या हायत. आता नेलं तर भाऊ विचारणार, कशाला नेलंस?"

"पण काकी, जेवढा पंप हातात राहणार तेवढं अजून आत जाणार ते. मग डॉक्टरपण..."

"मला कळत नाय असं वाटतं तुला?" विमलाचा आवाज चढला, मग तिने आतल्या खोलीकडे बघून तो खाली आणला. "पंप सुटला की हे घर सुटलं. आठवण नसलेल्या माणसाला पण निजायला जागा लागते. तू कॉलेजच्या कागदावर लिहिलंस ना, नाव सांगणार नाय म्हणून? आम्ही अंगठे दिलेत त्याच्यावर."

"दिलेत."

"मग बस झालं. तू तुझं लिही. माझं मी बघते."

नम्रता पाखाडी उतरली तेव्हा तिच्याकडे दोनच गोष्टी होत्या आणि दोन्ही जपता येत नव्हत्या. बोलली तर घर जाणार, गप्प राहिली तर माणूस. तिने मॅडमना सांगायचं ठरवलं. मॅडमना सांगणं म्हणजे सांगणं नव्हे, अशी स्वतःची समजूत घातली, आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन नाव न घेता सांगितलं. मॅडम म्हणाल्या, त्याला लगेच पंपावरून हलवायला हवं, पण सक्ती करता येणार नाही; मी स्वतः येऊन त्या बाईशी बोलते, रविवारी.

रविवार उजाडायच्या आधी अनिशने काम केलं. फेरचाचणीचे कागद त्याच्याकडेच असायचे. त्यांवर नावं नव्हती, क्रमांक होते, आणि एका क्रमांकापुढे शून्य होतं. काकांकडे जेवताना तो सहज म्हणाला की तुमच्या बागेतल्या सात नंबरची अवस्था फार वाईट आहे, त्याला जपा. मनाने तो वाईट नव्हता. त्याच्या घरात ज्याला काही दुखलं-खुपलं त्याला गाडीत घालून डॉक्टरकडे नेत, आणि जगात सगळीकडे तसंच असतं असा त्याचा समज होता. दत्तात्रेयांनी आमटीचा भुरका घेतला, त्या दिवशी मांगरात कोण कितवा बसला होता ते आठवलं, आणि हात धुऊन तडक वर गेले.

त्यांनी आरडाओरडा केला नाही. भागोजीला स्वतःच्या गाडीतून रत्नागिरीला नेलं, चांगल्या डॉक्टरकडे, स्वतः बाकावर बसून राहिले. डॉक्टरने तपासण्या केल्या. इतक्या वर्षांच्या औषधाने असेल, वयाने असेल, दोन्हीने असेल, नक्की सांगता येत नाही म्हणाला. किती भरून येईल तेही सांगता येत नाही. एवढंच नक्की, की फवाऱ्याच्या वाऱ्यालाही उभं करू नका.

परत आल्यावर दत्तात्रेय खळ्यात खुर्चीवर बसले.

"विमल, तो माझा माणूस आहे. त्याला मी वाऱ्यावर सोडणार नाही. शिमग्यापर्यंत राहा निवांत."

"आणि मग, भाऊ?"

"मग पंपाला माणूस लागणार ना? त्याला घर लागणार. घर एकच आहे, मी तरी काय करू?" त्यांना खरोखरच वाईट वाटत होतं. "ओमकारला बोलाव की."

"तो नाय येणार. त्याला मी पण नाय येऊ देणार."

विमलाने उंबऱ्यातल्या गुंडाळलेल्या पाइपाकडे बघितलं.

"मी धरते पंप."

"बाईमाणूस? पंपावर?"

"हा मोहोर कोणी राखला असं वाटतं तुम्हाला? कुठलं झाड झालं, कुठलं राहिलं, औषध किती मापं, मीच सांगत होते. हात तेवढे ह्यांचे होते."

दत्तात्रेयांनी हिशेब केला. नवा माणूस शोधायचा, त्याला झाडं दाखवायची, ऐन मोहोरात. विमलाला बाग पाठ होती. शिवाय बायकांची मजुरी पुरुषांइतकी नसते, हा मुद्दा त्यांनी अगदी शेवटी आणि हळू आवाजात काढला, आणि तिने तोही मान्य केला. घर राहिलं. सगळ्यांचं समाधान झालं.

नम्रताला हे आईकडून कळलं. दुसऱ्या दिवशी तिने अनिशला प्रयोगशाळेच्या बाहेर गाठलं.

"तू नाव सांगितलंस."

"नाव नाही सांगितलं. नंबर सांगितला. काकांनी ओळखलं त्याला मी काय करू?"

"नाव सांगणं आणि नंबर सांगणं, तुझ्या काकांच्या बागेत काय फरक आहे?"

"आणि नसतं सांगितलं तर?" अनिशही चिडला. "तुझा शब्द पाळायला तो माणूस अजून पंपावर असता. आता डॉक्टरला तरी दाखवलं ना?"

अनिश चुकला होता आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं, आणि अशा माणसाशी भांडता येत नाही.

मॅडम रविवारी आल्या. विमलाशी बोलल्या, मग दत्तात्रेयांशी. तोंडाला जाळीचे मुखवटे, रबरी हातमोजे, वारा असेल तेव्हा काम बंद, सगळं समजावून सांगितलं. दत्तात्रेयांनी सगळ्याला हो म्हटलं. मुखवटे दोन दिवसांत आणलेसुद्धा. ते घातले की दम कोंडतो म्हणून पंपावरची माणसं ते गळ्यात अडकवून ठेवायची. त्या रविवारी मॅडमना रत्नागिरीच्या एसटीत बसवून द्यायला नम्रता थांब्यापर्यंत गेली.

"विमलाबाईंनी अजून गन हातात धरलेली नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही. ह्या शनिवारी पहिल्यांदा."

"त्याआधी तिची चाचणी घेऊन ठेव. तिन्ही भाग. सुरुवातीची नोंद असलेला माणूस आपल्याकडे एकही नाही."

"मॅडम, कशासाठी?"

त्यांना स्वतःचं वाक्य ऐकू आलं असावं. "पुढच्या वर्षी ती बिघडत असेल तर आपल्याला सिद्ध करता येईल," त्या म्हणाल्या. "आज भागोजीबद्दल काहीच सिद्ध करता येत नाहीये."

त्यांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. नम्रताने होकार दिला.

शनिवारी सकाळी ती वर गेली. विमलाने ओमकारचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढवला होता, डोक्याला पंचा बांधला होता. चाचणीला ती खळ्यात बसली. पाच शब्दांतले तिने चार सांगितले, मागेपुढे. आकडे पटापट उलटे म्हटले. तारेवरून कडं शेवटपर्यंत नेलं आणि घंटी एकदाही वाजली नाही.

"झाले पास?" तिने विचारलं.

"झालात काकी."

"मग भाऊंना सांग. माझं नाव सांगायला हरकत नाय."

ती उठून झाडांत गेली. मुखवटा तिने गळ्यात अडकवला होता. खाली पिंपाशी माणसाने इंजिन सुरू केलं आणि पाइप जिवंत झाल्यासारखा ताठला. भागोजी घरातून बाहेर आला आणि तिच्या मागे चालायला लागला. विमलाने वळून बघितलं.

"नम्रता, धर गो त्यांना. सकाळपासून मागं मागं येतायत."

नम्रताने धावत जाऊन त्याचा हात धरला. हात थरथरत होता, पण पकड पक्की होती. पहिल्या झाडाशी विमलाने गन वर केली. फवारा उडाला आणि वाऱ्याने उलटा तिच्याच तोंडावर आला. ती खोकत मागे सरली.

"वाऱ्याकडं पाठ!" भागोजी ओरडला. हा आवाज नम्रताने लहानपणी ऐकला होता, अख्ख्या बागेवर जाणारा. "पाठ कर वाऱ्याकडं! खालून वर ने. शेंड्याला थांब. अंगापासून लांब धर!"

विमला वळली. वाऱ्याकडे पाठ केली, हात लांब केले, आणि फवारा नीट बुंध्यापासून शेंड्यापर्यंत चढत गेला. ते पांढरं धुकं मोहोरातून पार झालं आणि वाऱ्याबरोबर खळ्याच्या दिशेने, ह्या दोघांकडे यायला लागलं.

"काका, चला. आत चला."

तिने ओढलं, पण तो हलेना. घराचं दारही त्या धुक्याच्या वाटेतच होतं आणि उघडं होतं. तिने आपली ओढणी काढून त्याच्या नाकातोंडावर धरली. त्याने ती बाजूला केली, त्याला नीट दिसत नव्हतं म्हणून. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो विमलाकडे टक लावून बघत होता, कामातलं कळणारा माणूस दुसऱ्याचं काम बघतो तसा.

"चांगला हात हाय," तो नम्रताला म्हणाला. "कोण म्हणायची ती?"